कधीमधी वाजणाऱ्या ट्रॉम्बोनची स्लाइड: यामाहा, स्लाइड-ओ-मिक्स की क्रीम?

ट्रॉम्बोनच्या स्लाइडसाठी, म्हणजे सूर बदलायला पुढे-मागे सरकवायच्या नळीसाठी, मिळणाऱ्या वंगणांची परीक्षणं बहुधा रोज तीन-चार तास वाजवणारे लिहितात. स्लाइड किती हलकी पळते आणि तालमीत किती वेळा पाणी मारावं लागतं, एवढंच त्यांना पाहायचं असतं. ज्यांचा ट्रॉम्बोन नाताळच्या कॅरोलला, शाळेच्या संचलनाला, वसई-बांद्र्याच्या एखाद्या लग्नाला किंवा गणपतीच्या मिरवणुकीला बाहेर निघतो आणि एरवी पेटीतच असतो, त्यांना या परीक्षणांचा फारसा उपयोग नाही. लावल्याक्षणी तिन्ही प्रकारची वंगणं उत्तम चालतात. खरा फरक तीन आठवड्यांनी पेटी उघडल्यावर कळतो: नळीत राहिलेल्या वंगणाचं काय झालं आणि ते किती कष्टाने निघतं.

त्या कसोटीवर निकाल आधीच सांगते. स्लाइड चांगल्या स्थितीत असेल तर यामाहाचं एका बाटलीतलं स्लाइड लुब्रिकंट घ्यावं. स्लाइड जुनी, झिजलेली, मुलामा उडालेली असेल तर ट्रॉम्बोटीन किंवा सुपरस्लिकसारखं क्रीम आणि सोबत पाण्याचा फवारा. स्लाइड-ओ-मिक्स गुणाने सगळ्यांत वरचं, पण त्याचे सोवळ्याचे नियम कडक आहेत आणि महिन्यातून एकदा वाजवणाऱ्याकडून ते पाळले जात नाहीत. यांतलं काहीही घेतलं तरी त्याच दिवशी साफसफाईचा दांडा आणि मऊ सुती कापडही घ्या. पैसे वंगण आणि दांडा यांपैकी एकालाच पुरत असतील तर दांडा आधी.

आता हे असं का, ते पाहू.

स्लाइडमध्ये दोन आतल्या नळ्या असतात आणि त्यांवरून सरकणाऱ्या दोन बाहेरच्या. बाहेरच्या दोन्ही खाली एका वळणाने जोडलेल्या असतात; त्याला बो म्हणतात, आणि पाणी काढायची कळ, म्हणजे वॉटर की, त्यावरच असते. आतल्या नळ्या पूर्ण लांबीभर बाहेरच्या नळ्यांना घासत नाहीत. त्यांच्या खालच्या टोकाचा साधारण १० ते १२ सेंटीमीटरचा भाग किंचित जाड असतो, तो स्टॉकिंग. खरा सरकपट्टा तोच. स्टॉकिंग आणि बाहेरची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच. बहुतेक वाद्यांत आतल्या नळीवर क्रोमचा मुलामा असतो, त्यामुळे ती सहसा खराब होत नाही. बाहेरची नळी मात्र आतून उघडं पितळ असते. बाहेरून लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, चकचकीत दिसतं म्हणून आत सगळं ठीक आहे असं समजायचं कारण नाही.

स्लाइड बंद असताना स्टॉकिंग बाहेरच्या नळीच्या तळाशी, बोच्या अगदी जवळ येऊन बसतात. वाजवताना श्वासातली वाफ आणि लाळ नेमकी तिथेच साठते. म्हणजे वाद्य पेटीत पडून असतं तेव्हा सगळ्यांत ओला भाग, वंगणाचा सगळ्यांत जाड थर आणि सगळ्यांत कमी फट, तिन्ही एकाच जागी. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की जे होतं, तेच इथे होतं: पितळ कळकतं. लाळ, चहातली साखर, पानातला चुना, जे तोंडात असेल ते सगळं खाली उतरतं. हिरवट कळक आणि वाळलेलं वंगण मिसळून करडा-काळा लगदा तयार होतो, आणि दोन महिन्यांनी स्लाइड ओढली की पहिल्या दोन-तीन पोझिशनमध्ये (स्लाइड पूर्ण बंद ती पहिली, पूर्ण बाहेर ती सातवी) खरखर लागते, पुढे मात्र ती बरी चालते. पहिल्या पोझिशनजवळ अडणं आणि पुढे मोकळं होणं हे पडून राहिल्याचं ठळक लक्षण. रोज वाजवणाऱ्याच्या स्लाइडवर हा लगदा जमायला वेळच मिळत नाही. जे जमतं ते घासून, पुसून निघत राहतं.

मग अशा वेळी बरेच जण जे करतात तेच नेमकं चुकीचं असतं: जुन्या थरावर नवं वंगण. पाच मिनिटं स्लाइड बरी वाटते, कारण नव्या वंगणातल्या पाण्याने जुना थर ओला होतो. पाणी उडालं की थर आधीपेक्षा जाड झालेला असतो.

यामाहाचं स्लाइड लुब्रिकंट

दुधासारखं पांढरं, ३० मि.ली.ची छोटी बाटली, तोंडाला बारीक नळी. पाणी आणि तेलकट घटक यांचं हे आधीच केलेलं मिश्रण. ठेवल्या ठेवल्या ते वेगळं होतं, म्हणून दहा-बारा वेळा नीट हलवून घ्यावं लागतं. हे न करता वरचं पाणचट वंगण लावून ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

दोन्ही आतल्या नळ्या स्वच्छ पुसून प्रत्येक स्टॉकिंगवर चार-पाच थेंब, गोलाकार. बोटाने पूर्ण स्टॉकिंगवर पसरा. नळीच्या वरच्या भागावर लावायची गरज नाही, स्लाइड आत-बाहेर झाली की तिथे जेवढं लागतं तेवढं आपोआप पोचतं. बाहेरची स्लाइड चढवा, सातव्या पोझिशनपर्यंत दहा-पंधरा वेळा हलवा. मग आतल्या नळ्यांवर बारीक फवाऱ्याने तीन-चार वेळा पाणी. थेंब दुप्पट केले तर वेग दुप्पट होत नाही, उलट स्लाइड जड होते. जास्तीचं वंगण आतल्या नळ्यांच्या वरच्या भागावर पांढऱ्या कड्यासारखं दिसू लागतं. ते कडं दिसलं की पुसा.

अधूनमधून वाजवणाऱ्यासाठी याचा मोठा गुण म्हणजे ते वाळलं तरी ओल्या कापडाने निघतं. कोमट पाणी आणि साबणाचा थेंब असेल तर एका फेरीत नळी स्वच्छ. वाईट बाजू: ते धातूचं रक्षण फारसं करत नाही. पाणी उडून गेल्यावर उरणारा पापुद्रा पितळाला ओलाव्यापासून वाचवण्याइतका पक्का नसतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर हे लावलेलं वाद्य तसंच पेटीत ठेवलं, तर दोष बाटलीचा नाही.

स्लाइड-ओ-मिक्स

जर्मन बनावटीचं. जुना संच दोन बाटल्यांचा, एकावर दुसरं लावायचं. ‘रॅपिड कम्फर्ट’ नावाचा प्रकार एकाच बाटलीत येतो. मापात असलेल्या, सरळ, स्वच्छ स्लाइडवर याच्याइतकी हलकी आणि आवाज न करणारी चाल दुसरं क्वचितच देतं. स्लाइड हाताला लागतच नाही असं म्हणणारे वादक बहुधा हेच वापरत असतात.

पण त्याला दुसऱ्या कशाचा विटाळ चालत नाही. नळीत आधीच्या क्रीमचा अंश राहिला असेल तर मिश्रण चिकट होतं, गुठळ्या धरतं, आणि स्लाइड आधी होती त्याहून वाईट चालते. म्हणून पहिल्यांदा लावण्याआधी आतून-बाहेरून पूर्ण धुणं भागच आहे, आणि नंतरही हेच वंगण कायम ठेवायचं. शाळेच्या बँडमध्ये जिथे एक वाद्य तीन मुलं वाजवतात आणि प्रत्येकाच्या दप्तरात वेगळी बाटली असते, तिथे हे घेऊच नये. घरी एकटा वाजवणारा, शिस्तीचा, महिन्यातून निदान दोनदा पेटी उघडणारा माणूस असेल तर हरकत नाही.

क्रीम आणि फवारा

ट्रॉम्बोटीन, सुपरस्लिक आणि त्यांच्या जातीची क्रीमं ही जुन्या पद्धतीची वंगणं. क्रीमचा स्निग्ध थर धातूला धरून राहतो आणि त्यावर मारलेल्या पाण्याचे सूक्ष्म थेंब दोन्ही नळ्यांना एकमेकींपासून अलग ठेवतात. पाणी नसेल तर क्रीम नुसतंच जड. त्यामुळे फवारा हा इथे जोडीला नाही, निम्मं वंगणच आहे.

प्रमाण फार थोडं: प्रत्येक स्टॉकिंगला मुगाच्या दाण्याएवढं. बोटाने इतकं चोळायचं की क्रीम दिसेनासं व्हावं आणि फक्त तुळतुळीतपणा उरावा. मग भरपूर फवारा, प्रत्येक नळीवर पाच-सहा वेळा, वरपासून खालपर्यंत. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर क्रीम बरोबर लागलं; पाणी पसरून ओघळलं तर क्रीम कमी पडलं किंवा नळीवर साबण राहिला. वाजवताना वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा पाणी. एप्रिल-मेच्या विदर्भातल्या कोरड्या हवेत त्याहून लवकर.

झिजलेल्या स्लाइडला हे मानवतं, कारण फट मोठी झालेली असते आणि पातळ वंगण तिथे टिकत नाही. बँडवाल्यांकडची वीस-तीस वर्षं चाललेली वाद्यं बहुधा याच वर्गातली. क्रीमचा थर यामाहाच्या वंगणासारखा लगेच वाळून उडतही नाही. पण तो नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतोच, आणि बाहेरच्या नळ्यांच्या तोंडाशी धूळ धरून बसतो. मिरवणुकीत गुलाल उधळला जात असेल तर हे फार लक्षात ठेवायला हवं: गुलाल आणि क्रीम मिळून जे होतं त्याने क्रोमवर ओरखडे येतात. मिरवणुकीहून आल्यावर स्लाइड हलवून पाहूसुद्धा नका. आधी आतल्या नळ्यांचा उघडा दिसणारा भाग ओल्या कापडाने पुसा, मगच बाहेरची स्लाइड काढा.

काही जण क्रीमवर सिलिकॉनचे दोन थेंब टाकतात. वेग वाढतो हे खरं. पण सिलिकॉन धुऊन काढणं त्रासाचं, आणि पुढे वंगण बदलायचं ठरवलं तर ते आड येतं. क्वचित वाजणाऱ्या वाद्याला नको.

पॉन्ड्स आणि घरातले इतर डबे

अमेरिकेतल्या ट्रॉम्बोनवादकांनी पॉन्ड्स कोल्ड क्रीम कित्येक दशकं वापरलं, म्हणून इथेही तोच डबा आणला जातो. जुन्या पद्धतीचं कोल्ड क्रीम म्हणजे खनिज तेल, मेण, टाकणखार आणि पाणी. ते स्लाइडवर चालणं स्वाभाविक आहे. पण नाव एक असलं म्हणून डब्यातली वस्तू एकच असते असं नाही. इथल्या हिवाळ्यात अंगाला लावायची क्रीमं त्वचेत ओलावा टिकवण्यासाठी असतात. डब्यावरची घटकांची यादी वाचा. ग्लिसरीन असेल तर ठेवून द्या, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं आणि चिकटतं. आपल्याला नेमकं याच्या उलट हवं आहे.

खोबरेल तेल तर मुळीच नको. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात पुण्या-नाशकात रात्रीच्या कार्यक्रमाला स्लाइड मेणबत्तीसारखी होईल, आणि उन्हाळ्यात तेच तेल खवट होऊन चिकटेल. व्हॅसलिन फार घट्ट. ते ट्यूनिंग स्लाइडला, म्हणजे वाद्य सुरात लावायच्या वेगळ्या छोट्या नळीला, अडीनडीला चालेल, कारण ती हलायची नसते, हातस्लाइडला नाही. ट्रम्पेटचं व्हॉल्व्ह ऑइल सरकतं छान, पण लवकर उडून जातं. कार्यक्रमाच्या मध्येच दुसरं काही हाताशी नसेल तर तेवढ्यापुरतं. शिवणयंत्राचं तेल वाजवण्यासाठी नको, पण ते बाजूला ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

धुणं

वर्षातून चार-पाच कार्यक्रम असतील तर प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदा धुवावं. अर्धा-पाऊण तास लागतो. लागणाऱ्या वस्तू: दांडा, मऊ सुती कापडाची साधारण १५ सेंटीमीटर रुंद आणि मीटरभर लांब पट्टी, दोन्ही टोकांना केस असलेला लवचीक ब्रश, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण, कोमट पाणी आणि एक जाड टॉवेल. कापडासाठी जुनं मलमलीचं धोतर उत्तम. टेरिकॉट पाणी शोषत नाही आणि नवं खळीचं कापड घासतं.

पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच. कढत पाण्याने लॅकर सुटतं, आणि सुटलेलं लॅकर परत बसवणं हे कारखान्याचं काम आहे. दोन लिटर पाण्याला अर्धा चमचा साबण पुरे.

बाहेरची स्लाइड काढताना आधी कुलूप, म्हणजे स्लाइड लॉक, उघडा. दोन्ही हातांनी दोन्ही आडव्या दांड्या धरा आणि सरळ रेषेत ओढा. बोच्या वळणाला धरून ओढलं किंवा एका बाजूने जोर दिला की नळ्या समांतर राहत नाहीत, आणि तो दोष वंगणाने जात नाही. काढलेली बाहेरची स्लाइड टबात टॉवेलवर ठेवा. ब्रश एका नळीतून घालून बोच्या वळणापर्यंत हळू न्या, मागे घ्या, मग दुसऱ्या नळीतून. वळणात ब्रश अडला तर ढकलू नका, थोडा मागे घेऊन फिरवा. पाणी हिरवट-काळं येईल. स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर खळखळून घ्या. साबण राहिला तर पुढे क्रीमवर पाणी थांबणार नाही.

आता दांडा, आणि इथेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. कापडाचं टोक दांड्याच्या भोकातून ओवा, मग दांड्याच्या टोकावरून दुमडून पूर्ण लांबीभर गुंडाळा. उघडा धातू कुठेही दिसता कामा नये. टोकावरची घडी सगळ्यांत महत्त्वाची: दांडा बोच्या तोंडाशी आपटला आणि टोक उघडं असेल तर आतून पोचा पडतो. गुंडाळी इतकी जाड नको की ती दाबून घालावी लागेल. शाळांमध्ये दिसणाऱ्या यामाहा वायएसएल-३५४सारख्या वाद्याचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, १२.७ मि.मी. असतो आणि ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या बोअरच्या टेनर ट्रॉम्बोनचा १३.८९ मि.मी. फरक एका मिलिमीटरच्या आसपास दिसतो, पण एका वाद्याला बसणारी गुंडाळी दुसऱ्यात रुतून बसते. रुतलीच तर जोर लावू नका; कोमट पाणी सोडा, कापड भिजू द्या आणि दांडा सरळ मागे घ्या.

दांडा फिरवताना जी नळी पुसत आहात तीच हातात धरा. सवयीने हात बोच्या वळणाकडे किंवा दुसऱ्या नळीकडे जातो. मग दांड्याचा प्रत्येक धक्का दोन नळ्यांना एकमेकींपासून दूर किंवा जवळ ढकलतो. पत्रा अगदी पातळ असतो. सैल कापडाने आठ-दहा फेऱ्या, कापड काळं झालं की नवी बाजू, शेवटी कोरड्या कापडाने एकदा.

आतल्या नळ्या सोप्या. त्याच साबणाच्या पाण्याने पुसा, त्यांच्या आतूनही ब्रश फिरवा, आणि वरची दोन टोकं जिथे पितळी कोठ्यांमध्ये शिरतात तिथल्या बारीक खाचेत कापसाची काडी फिरवा. त्या कोठ्यांत स्लाइड बंद होताना दचका बसू नये म्हणून बूच, फेल्ट किंवा स्प्रिंग असतं. जुनं वंगण तिथे दडून बसतं आणि पहिल्या पोझिशनला चिकटपणा आणतं. ब्रासो किंवा चिंच-मीठ आतल्या कोणत्याही भागाला लावू नका. ब्रासोचे घासणारे कण त्या सूक्ष्म फटीत अडकले की प्रत्येक फेरीला कानस चालते असं समजा.

चढवताना बाहेरची स्लाइड उलटी जाऊ शकते. वाद्य वाजवायच्या स्थितीत धरल्यावर वॉटर की खालच्या बाजूला यायला हवी आणि स्लाइड लॉक बसायला हवं. लॉक बसत नसेल तर उलटी गेली आहे.

पाणी कोणतं

फवाऱ्यात नळाचं जड पाणी घातलं की ते उडाल्यावर क्षार उरतात. बोअरवेलच्या पाण्याचे डाग बादलीवर बसतात तसेच. डिस्टिल्ड वॉटर वापरा. इन्व्हर्टरच्या आणि गाड्यांच्या बॅटरीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते सहज मिळतं. फक्त बाटली वाचून घ्या: त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही तसल्याच बाटलीत असतं. फवाऱ्याची बाटली ५० मि.ली.ची पुरे, सॅनिटायझरची रिकामी झालेली चालेल, पण आधी नीट धुऊन. फवारा धुक्यासारखा बारीक हवा; पिचकारीसारखी धार पडत असेल तर पाणी एका जागी साचतं. पेटीतच बाटली ठेवत असाल तर झाकण घट्ट, आणि पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर त्यात शेवाळ धरतं.

पेटीत ठेवण्याआधी

कार्यक्रम संपल्यावर वॉटर कीतून पाणी काढलं म्हणजे झालं असं वाटतं. झालं नाही. बाहेरची स्लाइड उतरवा, आतल्या नळ्यांवरून कोरडं कापड, बाहेरच्या नळ्यांतून दांडा दोनदा, पुन्हा चढवा, लॉक लावा. चार मिनिटांचं काम आहे. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वाजवायचं असेल तर एवढ्यावर थांबा. वंगण पुढच्या वेळी ताजं लावा.

आषाढी एकादशीला लग्नं थांबली आणि आता तुळशीच्या लग्नाशिवाय वाद्य निघणार नाही, अशी स्थिती असेल तर आधी वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण धुऊन, अगदी कोरडं करून, मग शिवणयंत्राच्या तेलाचे चार-पाच थेंब कापडाला लावून ते दांड्यावरून बाहेरच्या दोन्ही नळ्यांतून एकदा फिरवा. थेंब थेट नळीत सोडू नका, ते बोच्या वळणात जाऊन साठतात. हा पातळ तेलकट थर उघड्या पितळाला ओलाव्यापासून वाचवतो. कार्तिकात वाजवण्याआधी साबणाने तो काढायचाच. तेलावर यामाहा किंवा स्लाइड-ओ-मिक्स लावलं तर दोन्ही वाया. मध्ये गणपती आले तर तेवढ्यापुरतं धुवा, वाजवा, परत तेल.

पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी पेटी कोरड्या दिवशी अर्धा तास उघडी ठेवावी. माउथपीस खिशात किंवा त्याच्या खाचेत, मोकळं कधीच नाही. स्लाइडवरचे पोचे सर्वांत जास्त याच एका कारणाने पडतात: पेटी उचलली, माउथपीस घरंगळलं आणि बाहेरच्या नळीवर आपटलं. नोटेशनची वही पेटीत झाकणाखाली दाबून ठेवणं हे दुसरं कारण. झाकण बंद करताना तो दाब स्लाइडवर येतो.

दोष वंगणाचा नाही हे कसं ओळखायचं

धुऊन, योग्य वंगण लावून, पाणी मारूनही स्लाइड अडत असेल तर बाटल्या बदलत बसू नका. आतली स्लाइड उभी धरा, बाहेरची पूर्ण वर घ्या आणि खाली हात ठेवून हळूच सोडा. ती स्वतःच्या वजनाने एकसारखी उतरायला हवी. ठराविक जागी थबकली तर तिथे पोचा किंवा वाक आहे. मग एकेक नळी तपासा: बाहेरची स्लाइड थोडी फिरवून फक्त एकच आतली नळी तिच्या बाहेरच्या नळीत घाला, दुसरी मोकळी हवेत ठेवा, आणि हलकेच सरकवा. एकेकटी अडत असेल तर त्या नळीत दोष आहे. दोन्ही एकेकट्या सुरेख चालतात पण जोडीने अडतात, तर नळ्या समांतर नाहीत. हे दोन्ही ब्रास वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडचं काम आहे. त्याला ‘स्लाइड जाम आहे’ एवढंच न सांगता कोणती नळी, कोणत्या पोझिशनला, एवढं सांगितलं तर त्याचाही वेळ वाचतो. बाहेरून दिसणारे छोटे लालसर ठिपके हे आणखी वेगळं प्रकरण: पितळातलं जस्त निघून जाऊन तांबं उरतं, आणि ते आतून बाहेर आलेलं असतं. त्यावर कोणतंही वंगण किंवा पॉलिश काम करत नाही.

स्लाइड पूर्ण घट्ट बसली असेल तर ती ओढू नका. वाद्य उभं, बो खाली, आणि आतल्या नळ्यांवरून बाहेरच्या नळ्यांच्या तोंडाशी कोमट पाणी थेंब थेंब सोडा. वीस मिनिटं थांबा. मग दोन्ही दांड्या धरून हलकेच, एक-दोन मिलिमीटरच मागेपुढे. बहुतेक वेळा ती सुटते. सुटली नाही तर पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं. जोर कधीच नाही.

खरेदीबद्दल

मुंबईत धोबीतलाव-काळबादेवीकडे, गोव्यात पणजी-मडगावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत; फुर्टाडोज तर १८६५पासून आहे. पण ट्रॉम्बोनचं सामान ट्रम्पेट-क्लॅरिनेटइतकं खपत नाही, त्यामुळे जाण्याआधी फोन करून विचारा आणि ‘स्लाइड ऑइल’ नव्हे, ‘स्लाइड लुब्रिकंट’ किंवा ‘स्लाइड क्रीम’ असं नेमकं नाव सांगा, नाहीतर ट्यूनिंग स्लाइडचं ग्रीस हातात पडतं. ते हातस्लाइडला लावलं तर वाद्य त्या दिवशी वाजणार नाही. एफ अटॅचमेंट, म्हणजे रोटर या फिरत्या झडपेने जोडली जाणारी जादा नळी, असलेला ट्रॉम्बोन असेल तर रोटरचं तेल वेगळं घ्या. स्लाइडचं पांढरं वंगण रोटरमध्ये घालू नये.

मोठी बाटली घेऊ नका. वर्षाला पाच-सहा वेळा वाजवणाऱ्याला ३० मि.ली. दोन-तीन वर्षं पुरतं, आणि तोवर बाटलीतलं मिश्रणच फाटायला लागतं. हलवूनही दोन थर एकजीव होत नसतील, किंवा नळीतून आधी पाणी आणि मग गुठळी येत असेल, तर बाटली टाकून द्या. त्यात थोडं पाणी घालून ‘सैल’ करण्याचा उद्योग स्लाइडमध्ये गुठळ्या पेरतो, आणि मग पुन्हा टब, टॉवेल, ब्रश, दांडा.